पहिल्या जलप्रवासाची तयारी

कोलकात्याहून आगबोटीने अंदमानला जावयाचे, असा बेत आमच्या घरी ठरला आणि त्याच रात्री प्रश्नांना सुरुवात झाली. मावशींनी विचारले, "तीन-चार दिवस जमीन दिसायची नाही म्हणता, मग देवाच्या पूजेला पाणी कुठले आणायचे?" धाकट्याचा प्रश्न अधिक थेट होता, "बोट बुडाली तर?" मला स्वतःला या दोहोंपेक्षा बोट लागण्याची धास्ती अधिक वाटत होती, पण घरातील कर्त्या माणसाने असली भीती उघड बोलून दाखवावयाची नसते.

गंमत अशी की, असल्याच प्रश्नांना याच हुगळी नदीच्या काठी एका मराठी मुलीने पूर्वी भर सभेत उत्तरे दिली होती. १८८३ साली गोपाळराव जोशी टपाल खात्याच्या नोकरीनिमित्त श्रीरामपूर येथे राहत होते. हे श्रीरामपूर म्हणजे आपले साखर कारखान्यांचे गाव नव्हे. ते कोलकात्याच्या उत्तरेस हुगळीच्या पश्चिम तीरावर वसले आहे आणि विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली तेथेच छापले गेले. गोपाळरावांच्या पत्नी आनंदीबाई वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेस निघाल्या आहेत, ही वार्ता पसरताच गावात गहजब उडाला. टपाल कचेरीच्या वाटेवर लोक टोचून बोलत. अखेर २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई स्वतः उभ्या राहिल्या आणि लोकांच्या शंका एकेक घेऊन त्यांनी इंग्रजीत त्यांचा परामर्श घेतला. एकटीच का जाता? परतल्यावर जातीबाहेर टाकले तर? परदेशी काही विपरीत घडले तर? स्त्रीजातीने आजवर जे केले नाही ते तुम्हीच का करावे?

समुद्रोल्लंघन हा त्या काळी केवळ सोयीगैरसोयीचा प्रश्न नव्हता. समुद्र ओलांडणारा मनुष्य प्रायश्चित्त घेईपर्यंत पंक्तीला बसू शकत नसे. मग स्त्रीची गोष्ट तर बोलावयासच नको. म्हणून आनंदीबाईंच्या तयारीत पेटी भरण्यापूर्वी निश्चय ठरले. आहार शाकाहारीच ठेवावयाचा, वेष स्वदेशीच राहील, आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत यावयाचे. हातातील दागिने विकून आणि सहानुभूती असणाऱ्यांनी दिलेल्या वर्गणीतून पैसा उभा राहिला. पती बरोबर नव्हते. सोबतीला मिशनरी स्त्रिया होत्या. ७ एप्रिल १८८३ रोजी त्यांची आगबोट कोलकात्याहून निघाली, तेव्हा त्यांना अठरा वर्षे पूर्ण होऊन जेमतेम आठवडा झाला होता. ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. मध्ये ५८ दिवस गेले होते. ज्या सोबतिणी अनोळखी, ज्या ताटात आपले असे फारसे काही नाही, त्यांच्यासमवेत हे दिवस कसे काढले असतील, याची कल्पना आपल्या स्वयंपाकघरात बसून येणे कठीण आहे. पुढे त्या डॉक्टर झाल्या, १८८६ मध्ये परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास निवर्तल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातील नियोजित जागेवर रुजू होणे त्यांच्या नशिबी नव्हते.

त्या निघाल्या तेव्हा खिदिरपूरची गोदी अजून व्हावयाची होती. आज अंदमानच्या उतारूंना तिकडेच जावे लागते. पोर्ट ब्लेअर, म्हणजे २०२४ पासूनचे श्री विजयपुरम, येथून सुमारे साडेबाराशे किलोमीटरांवर आहे. बोटी ठराविक वारी सुटत नाहीत, त्यामुळे तिकिटाआधी रजा मंजूर करून घेणारा मनुष्य फसतो. परतीच्या तारखेनंतरही दोन-तीन दिवस मोकळे ठेवावेत. ओळखपत्र आणि नेहमीची औषधे अंगाजवळच्या पिशवीत असावीत. मोठ्या पेटीचे तोंड प्रवासात पुन्हा पुन्हा उघडणे होत नाही. भ्रमणध्वनी किनारा सुटताच मुका होतो, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे, नाहीतर तिकडे उगाच काळजी.

बोटीवर जेवण मिळते. तरीही डब्यात चिवडा, मेतकूट, लिंबाचे लोणचे आणि भरपूर आलेपाक असावा, असे माझे मत आहे. ज्यांना गाडी लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी, पण ती मळमळ सुरू होण्याआधी. नंतर तिचा फारसा उपयोग होत नाही. खोली निवडता आली तर बोटीच्या मध्यभागाची आणि खालच्या मजल्यावरची घ्यावी, कारण टोकांना आणि उंचावर हेलकावा अधिक जाणवतो. पोट रिकामे ठेवू नये. पुस्तकात डोके खुपसण्यापेक्षा डेकवर जाऊन क्षितिजाकडे पाहत बसावे.

धाकट्याच्या प्रश्नाला उत्तर मात्र हसून देता येत नाही. चढल्यावर पहिल्याच तासात आपले जीवरक्षक जाकीट कोठे आहे, ते कसे बांधावयाचे आणि धोक्याचा भोंगा झाल्यास कोठे जमावयाचे, हे घरातील प्रत्येकाने पाहून घ्यावे. मुलाच्या अंगावर एकदा जाकीट चढवून पाहावे. त्याला भीतीऐवजी कामगिरी मिळते. मावशींसाठी आम्ही घट्ट झाकणाची एक लहान कळशी घेतली. हुगळी म्हणजे गंगेचाच ओघ, तेव्हा पाण्याचा प्रश्न घाटावरच सुटला.

नवख्या उतारूची खरी फसगत पहिल्या दिवशी होते. कोलकाता हे नदीवरचे बंदर. गोदीतून भरतीच्या वेळी बाहेर पडलेली बोट कित्येक तास नदीतूनच, वाळूचे उथळ बांध चुकवीत वाटाड्याच्या हुकमाने सावकाश जाते. दोन्ही तीरांवर झाडे, घाट, विटांच्या भट्ट्यांची धुराडी दिसत राहतात. पाणी इतके शांत असते की, बोट लागण्याच्या गोष्टी अतिशयोक्तीच्या वाटू लागतात आणि मंडळी दुपारी दाबून जेवतात. सागर बेट मागे पडते, पाण्याचा गढूळ रंग पालटू लागतो, आणि ताटातील वाटी आपोआप एका बाजूला सरकते. गोळी त्यापूर्वी घेतलेली असावी.