तळघरातला लहानसा मेळावा

रद्दीच्या भावाने जाणारी वस्तू काही वर्षांनी सोन्याच्या भावाने विकली जाऊ लागली, तर व्यापारी माणसाला तिच्याविषयी कुतूहल वाटल्यावाचून राहत नाही. अमेरिकेतील चित्रकथांच्या पुस्तिका, म्हणजेच कॉमिक्स, ही अशीच एक वस्तू आहे. १९३८ साली ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक १० सेंटला मिळत असे. सुपरमॅन हे पात्र त्याच अंकात प्रथम अवतरले. त्या अंकाची एक सुस्थितीतील प्रत २०२४ साली लिलावात ६० लाख डॉलरला विकली गेली.

हे मूल्य कसे निर्माण झाले, याचा शोध घेऊ लागल्यास वाट थेट लिलावगृहाकडे जात नाही. ती जाते काही लहानशा मेळाव्यांकडे आणि ते भरवणाऱ्या शाळकरी मुलांकडे. चार मित्रांनी मिळून जावे, दिवसभर जुन्या अंकांची खोकी चाळावीत, एखाद्या चित्रकाराशी बोलावे आणि संध्याकाळी परतावे, एवढेच या मेळाव्यांचे मूळ स्वरूप होते. आज ‘कॉमिक-कॉन’ या नावाने जो प्रचंड सोहळा ओळखला जातो, त्याची मुळे अशा लहान मेळाव्यांत आहेत.

लपवून वाचण्याचा काळ

त्या काळात अमेरिकेतील सुशिक्षित घरांमध्ये कॉमिक्सला मान नव्हता. १९४०च्या दशकाच्या अखेरीस काही गावांत शाळांच्या पुढाकाराने कॉमिक्सच्या होळ्या झाल्या. १९५४ साली डॉ. फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञांनी, चित्रकथांमुळे मुले बिघडतात, असे प्रतिपादन करणारे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे या विषयावर सुनावणी झाली. घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच एक आचारसंहिता लादून घेतली.

अशा वातावरणात कॉमिक्स वाचणारा मुलगा बहुधा एकटा असे. घरी वडिलांची नापसंती, शाळेत शिक्षकांची. आपल्यासारखे आणखी कोणी आहे का, हे समजण्याचा मार्गच नव्हता. १९६०च्या सुमारास काही मासिकांनी वाचकांची पत्रे त्यांच्या पूर्ण पत्त्यांसह छापण्यास आरंभ केला. संपादकांना ही बाब किरकोळ वाटली असेल. परंतु तिचा परिणाम मोठा झाला. निरनिराळ्या गावांतील वाचक परस्परांना पत्रे लिहू लागले, अंकांची देवाणघेवाण करू लागले, हाताने छापलेली छोटी पत्रके काढू लागले. पत्रमैत्री रुजली की प्रत्यक्ष भेटीची ओढ आपोआप निर्माण होते.

जुलै १९६४ मध्ये न्यू यॉर्कच्या मॅनहॅटन भागातील एका सभागृहात अशी भेट घडून आली. तिच्या आयोजनात पुढाकार घेणारा बर्नी बबनिस हा सोळा वर्षांचा मुलगा होता. उपस्थिती शंभरालाही पोहोचली नाही. त्या मूठभर लोकांत स्पायडरमॅनचे चित्रकार स्टीव्ह डिटको होते आणि जॉर्ज मार्टिन नावाचा पंधरा वर्षांचा एक विद्यार्थीही होता. पुढे ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेला आधार ठरलेल्या कादंबऱ्या लिहून तो जगप्रसिद्ध झाला.

सॅन डिएगोतील मित्रमंडळ

कॅलिफोर्नियातील सॅन डिएगोची हकिकत अधिक बोधप्रद आहे. तेथे १९६९-७० च्या सुमारास काही मित्र एकत्र आले. त्यांतील बहुतेक शाळकरी वयाचे होते. त्यांना साथ देणारे दोघे जण वयाने मोठे होते. शेल डॉर्फ हे पस्तिशी ओलांडलेले गृहस्थ डेट्रॉइटमधील अशाच एका मेळाव्याचा अनुभव घेऊन आले होते. केन क्रूगर यांचे ओशन बीच भागात पुस्तकांचे दुकान होते. १९३९ साली न्यू यॉर्कमध्ये भरलेल्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनाला ते हजर होते. दुकानातील राबता आणि संमेलनांची माहिती या दोन्ही गोष्टी त्यांच्यापाशी होत्या.

भांडवल मात्र आले ते रिचर्ड आल्फ या मुलाकडून. सतराअठरा वर्षांचा हा मुलगा टपालाने जुनी कॉमिक्स विकण्याचा व्यवसाय करीत असे. स्वतः कमावलेल्या पैशांतून त्याने मेळाव्याचा प्रारंभिक खर्च उचलला. ज्या वस्तूला वडीलधारे रद्दी समजत होते, तिच्याच विक्रीतून आलेली ही रक्कम होती.

या मंडळींचा व्यवहारी शहाणपणा वाखाणण्याजोगा आहे. त्यांना उन्हाळ्यात तीन दिवसांचे मोठे संमेलन भरवायचे होते. परंतु त्यांनी एकदम मोठी उडी घेतली नाही. २१ मार्च १९७० रोजी शहरातील यू. एस. ग्रँट या हॉटेलच्या तळघरात त्यांनी एक दिवसाचा लहान मेळावा घेतला. मोठ्या संमेलनासाठी थोडा निधी जमावा आणि लोकांचा प्रतिसाद अजमावता यावा, असे त्यामागे दोन हेतू होते. शंभर-दीडशे लोक आले. नव्या गावात दुकान थाटण्यापूर्वी आठवडी बाजारात पाल टाकून गिऱ्हाईक जोखणारा व्यापारी जे करतो, तेच या मुलांनी केले.

अंदाज खरा ठरला. १ ते ३ ऑगस्ट १९७० या दिवसांत त्याच हॉटेलमध्ये मुख्य संमेलन झाले आणि सुमारे ३०० लोक जमले. रे ब्रॅडबरी यांच्यासारखे ख्यातनाम लेखक आणि जॅक कर्बी यांच्यासारखे थोर चित्रकार तेथे आले. नफा कमावण्याचा उद्देश नसलेले हे काम आहे, हे कळल्यावर ब्रॅडबरी यांनी मानधनाचा आग्रह धरला नाही. पुढे या उपक्रमाला विना-नफा संस्थेचे रूप मिळाले, आणि ते आजतागायत कायम आहे.

भाव ठरतो कसा?

या मेळाव्यांचा आर्थिक भागही समजून घेण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कागद गोळा करण्याच्या मोहिमा झाल्या आणि त्यांत असंख्य जुने अंक लगद्यात गेले. उरलेले घराघरांतील आयांनी आवराआवरीत टाकून दिले. त्यामुळे जे अंक वाचले, ते दुर्मीळ झाले. दुर्मीळ वस्तूला मागणी असली, तरी तिचा भाव ठरण्यासाठी विकणारा आणि घेणारा समोरासमोर यावे लागतात. हे काम मेळाव्यातील टेबलांनी केले. एकच अंक चार टेबलांवर चार किमतींना दिसला की ग्राहकाला तुलना करता येई, आणि दिवस मावळेपर्यंत साधारण एक दर स्थिर होई. रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांची जुन्या कॉमिक्सच्या दरांची पहिली मार्गदर्शिका याच १९७० साली प्रसिद्ध झाली.

अंकाची स्थिती हा यातील कळीचा मुद्दा असतो. मुखपृष्ठ शाबूत आहे का, पाने पिवळी पडली आहेत का, पिना गंजल्या आहेत का, कोणी पेनाने नाव लिहिले आहे का, हे सारे पाहून भाव ठरतो. एकाच अंकाच्या दोन प्रतींच्या किमतीत दसपट अंतर पडू शकते. हिऱ्यांच्या बाजारात बसणाऱ्याला ही पारख मुद्दाम समजावून सांगावी लागणार नाही.

मेळाव्यांतूनच वितरणाची एक नवी पद्धतही जन्मली. न्यू यॉर्कमध्ये मोठी संमेलने भरवणारे फिल स्यूलिंग हे पेशाने शिक्षक होते. तोवर कॉमिक्स वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर विकली जात आणि न खपलेले अंक प्रकाशकाकडे परत जात. छापलेल्या मालापैकी किती परत येईल, याची प्रकाशकाला कायम धास्ती असे. १९७३च्या सुमारास स्यूलिंग यांनी प्रकाशकांपुढे वेगळा प्रस्ताव ठेवला : माल परत करणार नाही, मागणी आगाऊ नोंदवू, त्याबदल्यात सवलत अधिक द्या. प्रकाशकाची जोखीम घटली आणि विक्रेत्याचा नफा वाढला. गिऱ्हाईक काय मागते, हे विक्रेत्याला मेळाव्यातील ओळखीमुळे नेमके ठाऊक असल्यानेच ही जोखीम पेलता आली. केवळ कॉमिक्स विकणारी स्वतंत्र दुकाने पुढे याच पद्धतीवर अमेरिकाभर उभी राहिली. रिचर्ड आल्फ यानेही नंतर सॅन डिएगोत असेच एक दुकान काढले.

मित्रांसोबत जाण्याचे मर्म

अमेरिकेतील लहानमोठ्या गावांत एखाद्या हॉटेलच्या किंवा समाजमंदिराच्या सभागृहात असे एकदिवसीय मेळावे आजही भरतात. प्रवेशशुल्क माफक असते. लांबट पुठ्ठ्याच्या खोक्यांत अंक उभे लावून ठेवलेले असतात. भारी अंक पारदर्शक पिशवीत पुठ्ठ्याच्या आधाराने जपलेले असतात, तर एखाद्या टेबलाखाली डॉलरला एक अशा दराने विकायच्या अंकांचे खोके असते. एका बाजूला स्थानिक चित्रकार आपली चित्रे मांडून बसतात आणि मागणीप्रमाणे समोरच चित्र काढून देतात.

जाणकार मंडळी येथे एकटी जात नाहीत. प्रत्येकाकडे आपल्या संग्रहातील उणिवांची यादी असते आणि ती मित्रांनाही ठाऊक असते. एकाच्या हाताला दुसऱ्याचा हरवलेला अंक लागतो. प्रथम सर्व टेबलांवरून रिकाम्या हाताने एक फेरी मारायची, भाव पाहायचे, मगच खिशात हात घालायचा, ही रीत नवख्याला जुना मित्र शिकवतो. एखादा उत्साहाच्या भरात महिन्याचा खर्च एका अंकावर उधळू लागला, तर त्याला आवरणाराही मित्रच असतो. मधल्या वेळेत डबे उघडले की कोणी काय मिळवले याची चर्चा रंगते, आणि पुष्कळदा दिवसाची सर्वांत मोठी कमाई तीच ठरते.

लहान जागेचा दुसरा लाभ असा की तेथे अंतर राहत नाही. विक्रेता स्वतः संग्राहक असतो, संग्राहक उद्या विक्रेता होतो, आणि चित्रकार शेजारच्या खुर्चीवर चहाकॉफी घेत असतो. संकोची मुलालाही प्रश्न विचारण्याचे धैर्य होते.

मेळावा वाढला की हे टिकत नाही. सॅन डिएगोचा सोहळा १९९१ पासून तेथील भव्य संमेलन केंद्रात भरतो. आता सव्वा लाखाहून अधिक लोक येतात, प्रवेशपत्रिका पाहता पाहता संपतात आणि चित्रपट कंपन्यांच्या कार्यक्रमांसाठी लोक रात्रभर रांगेत बसतात. ज्यांनी हे रोपटे लावले, त्या शेल डॉर्फ यांनाच उत्तरायुष्यात त्याचा हा विस्तार जाचक वाटू लागला होता. २००९ साली ते निवर्तले. व्यवसायाच्या दृष्टीने हे यश निर्विवाद आहे. मात्र चार मित्रांना निवांत बसायला जागा मिळावी म्हणून अनेक जण अजूनही लहान मेळाव्याचीच वाट धरतात.

आपल्याकडील धागा

मराठी घरांना हा छंद परका नाही. ‘चांदोबा’ आणि इंद्रजाल कॉमिक्समधील ‘वेताळ’ यांवर दोन पिढ्या वाढल्या. दुकानाच्या गादीमागे किंवा पाठ्यपुस्तकाच्या आड अंक ठेवून वाचणारे आज आजोबा झाले आहेत. १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजालच्या उभारणीत अनंत पै यांचा सहभाग होता. १९६७ पासून ‘अमर चित्रकथा’ आणि १९८० पासून ‘टिंकल’ यांच्याद्वारे त्यांनी भारतीय मुलांच्या हाती आपल्या कथा दिल्या.

फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्ली हाट येथे भारतातील पहिले कॉमिक-कॉन भरले. तेथे पै यांना जीवनगौरव पुरस्कार जाहीर झाला. त्यानंतर काही दिवसांतच, २४ फेब्रुवारी रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले. ज्या वाचकांना त्यांनी चव्वेचाळीस वर्षे घडवले, ते एका छत्राखाली जमल्याची वार्ता त्यांच्या हयातीत यावी, हा योग मोलाचा म्हणावा लागेल.

व्यापारी कुटुंबांत मुलाच्या छंदाकडे पाहताना, ‘यातून मिळणार काय?’ हा प्रश्न सहजपणे येतो, आणि तो गैरही नाही. सॅन डिएगोच्या मुलांनी त्याचे उत्तर कृतीने दिले. त्यांनी जागा ठरवली, पैसा उभा केला, पाहुण्यांना बोलावले, आधी लहान प्रयोग केला आणि हिशेब जुळल्यावरच पुढे पाऊल टाकले. क्रूगर आणि डॉर्फ या वडीलधाऱ्यांनी त्यांना शहाणपण दिले. पण काम त्यांच्या हातून काढून घेतले नाही.

नातवाने मित्रांसह अशा एखाद्या मेळाव्याला जाण्याची परवानगी मागितली, तर घरच्यांनी ती द्यावी. खर्चाची मर्यादा घालून द्यावी, आणि परतल्यावर किती खर्च झाला याबरोबरच कोण भेटले, कोणाशी काय बोलणे झाले, हेही विचारावे. शक्य झाल्यास माळ्यावरील जुनी ट्रंकही एकदा उघडून पाहावी. तिच्यात लाखमोलाचा अंक सापडेलच असे नाही. पण आजोबा कोणत्या वयात काय वाचत होते, हे नातवाला कळेल.