बाळंतिणीचे रडणे

मे २०२०. टाळेबंदीत एक पहिलटकरीण दीड महिन्याच्या बाळाला डोस द्यायला दवाखान्यात आली. जिल्ह्याच्या हद्दी बंद, म्हणून बाळंतपण सासरीच झालेले. "झोप येत नाही. बाळाला हात लावायचीही भीती वाटते," ती म्हणाली. "कोरोनाची भीती सगळ्यांनाच आहे," असे सांगून मी तिला परत पाठवले. चूक माझीच.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगीच रडू येणे पुष्कळ जणींना होते. शरीरातील संप्रेरके एकदम उतरतात, जागरणे होतात. पंधरा दिवसांत ते आपोआप निवळते. मात्र त्यानंतरही उदासी हटत नसेल, बाळ झोपले तरी आईला झोप लागत नसेल, तर तो आजार समजावा. गरोदरपणातही तो जडतो. साथीत माहेर तुटले, विलगीकरण आले, आणि हा आजार कोरोनाच्या भीतीआड लपला. 'आम्ही नाही का बाळंत झालो?' असे सासूबाई विचारतात. झालात, पण तुमच्याभोवती चार बायका होत्या!

हा आजार समुपदेशनाने, गरज पडल्यास औषधाने बरा होतो. अंगावर पाजताना चालणारी औषधेही आहेत. जिवाचे बरेवाईट करण्याचे किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर तिला एकटी ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. १४४१६ या सरकारी 'टेलिमानस' क्रमांकावर मोफत बोलता येते.

महिन्याने ती पुढच्या डोसला आली. बाळाचे वजन राहू दिले, आधी तिला खुर्ची दिली. पाऊण तास बोलत होती.