चांदवडचा डोंगर आणि काचेचे थर

अ‍ॅनिमेशनपटात स्थळ आयते मिळत नाही. नेहमीच्या चित्रपटासाठी चांदवडला कॅमेरा लावला, की होळकरांचा रंगमहाल, किल्ल्याचा कातळ, महामार्गावरचे ट्रक न मागताही चौकटीत येतात. अ‍ॅनिमेशनच्या चित्रकाराला विजेची तारसुद्धा स्वतः काढावी लागते, आणि ती का काढली याचे उत्तर द्यावे लागते. म्हणून पात्राने तोंड उघडण्याआधीच निम्मी गोष्ट पार्श्वचित्राने सांगून टाकलेली असते.

नाशिक जिल्ह्यातल्याच त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१५च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्या एकेक चौकट टिपून नाचवल्या. गंमत सारी हालचालीची होती. स्थळाला खोली यायला वेळ लागला. डिस्नेच्या ‘द ओल्ड मिल’मध्ये (१९३७) वेगवेगळ्या अंतरावरच्या काचांवर चित्रे रंगवून वरून कॅमेरा लावला होता. जवळची काच जास्त सरकवायची, लांबची कमी, की सपाट चित्रात अंतर दिसू लागते. मुंबई-आग्रा महामार्गावर एसटीच्या खिडकीशी बसलेल्याला हे तत्त्व फुकटात कळते: कडेचे खांब पळतात, कांद्याची शेते सावकाश मागे पडतात, चांदवडचा डोंगर मात्र हलायला तयार नसतो. हाच डोंगर चौकटभर काढला तर त्याखालचा माणूस एकटा वाटतो. क्षितिजावर बोटभर ठेवला तर तोच माणूस प्रवासाला निघालेला दिसतो.

रंगाची कामगिरी याहून सूक्ष्म असते. मुंबईच्या गीतांजली राव यांचा ‘प्रिंटेड रेनबो’ २००६मध्ये कानच्या समीक्षक सप्ताहात तीन पुरस्कार घेऊन आला. त्यात एक म्हातारी, तिची मांजर आणि करड्या रंगाची सदनिका आहे. काडेपेटीवरचे चित्र उघडले की मात्र रंगांचे जग सुरू होते. (फाळक्यांच्या काड्या, रावांच्या पेट्या: योगायोग, पण मजेदार.) म्हातारीचे एकटेपण कुणी बोलून दाखवत नाही, ते काम करडा रंग करतो.

त्यांच्या ‘बॉम्बे रोझ’मध्ये (२०१९) एकाच मुंबईला अनेक रूपे आहेत. फुले विकणाऱ्या कमलाची स्वप्ने लघुचित्रांच्या शैलीत उतरतात, तर तिचा रस्ता गर्दीने आणि दाट रंगांनी भरलेला आहे. एकेकाळी सिनेमात वावरलेली वृद्ध शर्ली डिसूझा त्याच शहरातल्या रस्त्याने चालू लागते, तसे रंग ओसरत जातात आणि तिच्याभोवती तिच्या तरुणपणची कृष्णधवल मुंबई उभी राहते.