दाण्याचे आईबाप

भारतीय धर्मशास्त्रात पुनरुत्पादनाची चर्चा आली ती बहुतांशी वारसाहक्काच्या निमित्ताने, आणि म्हणूनच ती शेतीवाडीच्या भाषेत आली. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात पुरुषाला बीज आणि स्त्रीला क्षेत्र म्हटले आहे. दुसऱ्याच्या शेतात बी टाकणाऱ्याला पिकावर हक्क सांगता येत नाही, आपल्या वळूपासून दुसऱ्याच्या गाईला झालेले वासरू गाईच्या धन्याचेच राहते, असे दाखले देत तेथे संततीच्या मालकीचा तंटा सोडवला आहे, आणि ‘क्षेत्रज’ पुत्र ही संज्ञा त्याच विचाराची आहे. ग्रीकांची समजूत फारशी वेगळी नव्हती. इ. स. पू. ४५८ मध्ये अथेन्सच्या रंगभूमीवर आलेल्या एस्किलसच्या नाटकात अपोलो देव भर न्यायसभेत आईला जन्मदात्रीचा मान नाकारतो आणि तिला पेरलेल्या अंकुराची दाई ठरवतो. पुढे ॲरिस्टॉटलने नर आकार देतो आणि मादी केवळ द्रव्य पुरवते, असा त्याच समजुतीला शास्त्राचा पोशाख चढवला. या सर्वांपेक्षा चरकसंहिता सावध आहे. तिच्या शारीरस्थानात रक्त, मांस, हृदय हे गर्भाला आईकडून आणि केस, नखे, दात, हाडे हे बापाकडून मिळतात अशी वाटणी केली आहे. ती वाटणी आज टिकणारी नाही, परंतु देणारे दोघे आहेत हे तिने गृहीत धरले, आणि तेवढ्यापुरते वैद्य स्मृतिकारांच्या पुढे होते असे म्हणावे लागते.

बीज-क्षेत्राच्या दृष्टांतातील खरी चूक वनस्पतिशास्त्राची आहे. शेतकरी तिफणीच्या चाड्यावर ज्वारीचा दाणा सोडतो तेव्हा त्या दाण्यात भ्रूण, म्हणजे मूळ आणि कोंब यांची आखणी झालेले इवलेसे रोप, आधीच तयार असते. त्याच्या आईबापांची गाठ मागच्या हंगामात कणसावर पडलेली असते आणि जमिनीत पडतो तो त्यांचा झोपलेला मुलगा असतो. म्हणजे ज्या गोष्टीला पुरुषाच्या वीर्याची उपमा दिली ती वस्तुतः एक पिढी पुढची आहे. वनस्पतीत नराची बाजू शोधायचीच तर ती फुलातील परागकणात शोधावी लागते, आणि हे कळायला युरोपातही सतराव्या शतकाची अखेर यावी लागली.

१६९४ हे साल या दृष्टीने मोठे गमतीचे आहे. त्या वर्षी पॅरिसमध्ये निकोलास हार्टसुकरचे प्रकाशशास्त्रावरील पुस्तक निघाले, आणि त्यात शुक्रपेशीच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या चिमुकल्या माणसाचे चित्र होते. डेल्फ्टच्या लेव्हेनहुकने १६७७ मध्ये आपल्या भिंगातून वीर्यातील वळवळणाऱ्या पेशी पाहिल्यापासून ‘सगळा माणूस बापातच असतो’ या मताला जोर चढला होता, आणि ते चित्र म्हणजे त्या मताचा कळस होता. त्याच वर्षी जर्मनीतील ट्यूबिंगेनच्या रुडॉल्फ कामेरारियुसने एका पत्ररूप निबंधात आपले बागेतील प्रयोग मांडले. एरंडाच्या झाडावरील नरफुले उमलण्याआधी खुडून टाकली, मक्याच्या कणसाचे केस छाटून टाकले, आणि दोन्ही वेळा झाडाला धड बी धरले नाही. तेव्हा परागकोश हे नराचे इंद्रिय आहे आणि फुलाच्या मध्यावरील जायांग, म्हणजे अंडाशय व त्यावरील दांडी, हे मादीचे आहे, असा त्याने निष्कर्ष काढला. चित्र काढणाऱ्यापेक्षा कात्री चालवणारा सत्याच्या अधिक जवळ पोहोचला.

मक्याच्या कणसाचे हे केस जवळून पाहण्याजोगे आहेत. शेंड्यावरचा तुरा म्हणजे नरफुलांचा गुच्छ आणि पानाच्या बगलेतील कणीस म्हणजे मादीफुलांची रांग. कणसातून बाहेर लोंबणारा प्रत्येक केस हा एकेका भावी दाण्याचा कुक्षीवृंत, म्हणजे परागकण झेलणारी लांब मान असते. जितके दाणे तितके केस. वाऱ्यावर आलेला परागकण केसाला चिकटला की तो रुजतो, त्यातून सुतासारखी परागनलिका निघते आणि केसाच्या आतून वीतभर किंवा त्याहून लांबचे अंतर साधारण एका दिवसात कापून ती खालच्या अंडाशयापर्यंत जाते. ज्या केसाला परागकण मिळाला नाही त्याच्या बुडाशी दाणा भरत नाही, आणि पावसाळ्यात गाडीवर भाजायला घेतलेल्या कणसात मध्येच जी रिकामी जागा दिसते ती बहुधा अशाच चुकलेल्या गाठीची खूण असते. पांढऱ्या मक्याच्या कणसात एखादा पिवळा दाणा निघतो तो शेजारच्या शेतातील पिवळ्या मक्याच्या परागामुळे; अशा वेळी बाप दाण्याच्या रंगातच दिसतो.

परागनलिका प्रथम दिसली ती इटलीच्या जोव्हान्नी बात्तिस्ता आमिची याला, १८२४ मध्ये, आणि तीही घोळाच्या फुलात, ज्या घोळाची आंबटसर भाजी महाराष्ट्रात आवडीने खाल्ली जाते. मात्र नलिकेतून जाते काय, याचा पूर्ण उलगडा आणखी पाऊणशे वर्षे झाला नाही. १८९८ मध्ये कीव्ह येथे सर्गेई नवाशिन यांना लिलीच्या जातीतील फुलांत असे आढळले की नलिकेतून एक नव्हे, दोन पुंयुग्मके उतरतात: एक अंडपेशीशी एकरूप होऊन भ्रूण घडवते, तर दुसरे भ्रूणकोशातील मधल्या पेशीच्या दोन केंद्रकांशी मिळून भ्रूणपोष, म्हणजे भ्रूणाची शिदोरी, तयार करते. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये गिन्यार यांनी स्वतंत्रपणे तेच दाखवले. या द्विफलनामुळे ज्वारीच्या एकाच दाण्यात दोन भावंडे असतात: भ्रूणाच्या पेशीत २० गुणसूत्रे, दहा आईची आणि दहा बापाची, भ्रूणपोषाच्या पेशीत ३०, त्यांतली वीस आईची. पहिले भावंड वाढते आणि दुसरे त्याला खाऊ घालून संपते.

हा हिशेब मराठी माणसाच्या ताटात रोज मांडलेला असतो, फक्त त्याच्याकडे कोणी त्या नजरेने पाहत नाही. भाकरीचे पीठ मुख्यतः भ्रूणपोषाचे असते. सडलेल्या तांदळातून भ्रूण आणि कोंडा निघून गेलेला असतो, त्यामुळे भात हाही भ्रूणपोषच. तुरीत मात्र दाणा पिकेपर्यंत भ्रूणाने आपली शिदोरी आधीच फस्त करून ती स्वतःच्या दोन जाड बीजपत्रांत साठवलेली असते. भरडल्यावर सुटणाऱ्या डाळीच्या दोन फाकी म्हणजे ती दोन बीजपत्रे, तेव्हा वरण हे भ्रूणाचेच शरीर ठरते. नारळाच्या पाण्यात भ्रूणपोष पातळ अवस्थेत असतो, त्यात पेशीभित्तींविना केंद्रके तरंगत असतात, आणि नारळ पिकत जातो तसतसा तो करवंटीच्या आतून खोबरे होऊन बसत जातो. कोवळे शहाळे आणि सुके खोबरे यांत फरक आहे तो या एकाच ऊतीच्या वयाचा.

फुलात आई कोण आणि बाप कोण हे माणसाने ठरवायचे म्हटले तर किती खटपट पडते, हे कपाशीच्या बीजोत्पादनात दिसते. सूरतच्या संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी तयार केलेला ‘एच-४’ हा व्यापारी लागवडीसाठी आलेला जगातील पहिला संकरित कापूस १९७० चा. त्याआधी १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी काढली होती, आणि पुढे जालना हे बियाण्यांचे मोठे केंद्र झाले. कपाशीच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही इंद्रिये असल्यामुळे, दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी आदल्या सायंकाळी हेरून तिच्या पाकळ्या आणि पुंकेसर नखाने सोलून काढावे लागतात, उघडी राहिलेली कुक्षी झाकावी लागते आणि सकाळी दुसऱ्या वाणाचे फूल आणून त्याचे पराग तिच्यावर घासावे लागतात. सीड प्लॉटमध्ये याला सरळ ‘क्रॉसिंग’ म्हणतात. एकेका बोंडासाठी हे करायचे, तेही फुलोऱ्याचे अनेक आठवडे, आणि हे बोटांचे काम बव्हंशी बायकांनीच केले आहे. संकरित बियाण्याचे गुण पुढच्या पिढीत विस्कटतात, म्हणून शेतकऱ्याला दर वर्षी नवे पाकीट घ्यावे लागते. बीज कोणाचे हा स्मृतिकारांचा प्रश्न असा पुन्हा मालकीच्याच अंगाने बाजारात उभा राहिला.

प्राण्यांच्या बाबतीत उलट्या टोकाची चूकही होऊन गेली. अठराव्या शतकात अनेक विद्वान सगळी पिढी अंड्यातच घडीव असते असे मानत, आणि इटलीचे लाझारो स्पालांझानी त्यांपैकीच एक होते. त्यांनी बेडकांच्या नरांना तलम कापडाच्या चड्ड्या शिवून घातल्या आणि अंडी फळत नाहीत हे दाखवले. वीर्य गाळून पाहिले तेव्हा गाळलेल्या पाण्यात फलनाची शक्ती उरली नाही, ती गाळण्यावर राहिलेल्या साक्यात होती. एवढे हातात असूनही शुक्रपेशी या फलनाला लागत नाहीत, हे आपले मत त्यांनी सोडले नाही. सस्तन प्राण्याचे अंडे कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांना कुत्रीत सापडले ते १८२७ मध्ये, आणि सागरी अर्चिनच्या पारदर्शक अंड्यात शुक्रपेशीचे व अंड्याचे केंद्रक एकमेकांत मिसळतात हे ओस्कार हेर्टविग यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केले. दोन्ही पक्षांचा वाद तेथे मिटला: केंद्रकापुरता वाटा समसमान होता.

माणसात ही भेट गर्भाशयात होत नाही, अंडनलिकेत होते. साधारण ०.१ मिलिमीटर व्यासाच्या, म्हणजे डोळ्याला जेमतेम टिपकीएवढ्या दिसणाऱ्या अंडपेशीपर्यंत कोट्यवधी शुक्रपेशींतून काही शेच पोहोचतात, त्यांतली एक आत शिरते, आणि विभागत जाणारा गोळा सहा-सात दिवसांनी गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो. केंद्रकातील गुणसूत्रे तेवीस आणि तेवीस असली तरी पेशीचा बाकीचा पसारा, त्यातील ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांसह, आईकडूनच येतो. एवढ्यावरच थांबले तर स्त्री हे क्षेत्र आहे आणि शिवाय तिचे अर्धे बीजही आहे, असे म्हणून जुना दृष्टांत डागडुजी करून वापरता येईल. परंतु वारेने तीही सोय ठेवली नाही.

वार, म्हणजे आईच्या रक्तातून गर्भाला अन्न आणि प्राणवायू पोहोचवणारी अपरा, ही मुख्यतः गर्भाच्याच पेशींची बनलेली असते. आईचा भाग तिच्यात थोडा. केंब्रिजमध्ये अझीम सुरानी आणि त्यांचे सहकारी, तसेच अमेरिकेत मॅकग्रा आणि सोल्टर, यांनी १९८४ मध्ये उंदरांच्या अंडपेशींतील केंद्रके अदलाबदल करून पाहिली. दोन्ही संच आईचे ठेवले तेव्हा गर्भ बरा वाढला पण वार खुरटली. दोन्ही बापाचे ठेवले तेव्हा वारेची पेशी माजली आणि गर्भ जेमतेम राहिला. जगले एकही नाही. काही जनुके आईकडून आली तरच चालतात आणि काही बापाकडून आली तरच, आणि त्यामुळे दोन्ही ठसे लागतात, असा त्याचा अर्थ निघाला. म्हणजे गर्भाशयातील ज्या ‘जमिनी’तून गर्भ पोसला जातो तिचा मोठा भाग गर्भ स्वतः बांधतो, आणि ती बांधण्यात बापाच्या जनुकांचा हात मोठा असतो. जनुकावरील असा ठसा मक्याच्या भ्रूणपोषात जेरी कर्मिकल यांनी १९७० मध्येच दाखवला होता. अपरा आणि भ्रूणपोष ही दोन्ही पिल्लाला पोसण्याची साधने आहेत, आणि एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या दोन वंशांत या एकाच जागी ही युक्ती सापडावी, हा या विषयातील सर्वांत विचार करायला लावणारा योगायोग आहे.

मुलगा की मुलगी, हा प्रश्न तेवढा अवघड नव्हता, तरी घरोघरी त्याचे खापर सुनेच्याच डोक्यावर फुटत राहिले. नेटी स्टीव्हन्स यांनी १९०५ मध्ये पिठातील किड्यांवर काम करून दाखवले की नराच्या निम्म्या शुक्रपेशींत एक छोटे गुणसूत्र असते आणि पिल्लाचे लिंग त्यावरून ठरते. माणसातही तेच घडते. मात्र हा निसर्गाचा एकमेव कायदा नाही. कोंबडीत निवाडा मादीच्या अंड्यात होतो, पपईत माणसाप्रमाणेच नराच्या परागात होतो, आणि रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांत तो आईबापांपैकी कोणाच्याच हाती नसतो: वाळू साधारण २९ ते ३० अंशांच्या वर तापली तर माद्या अधिक, खाली राहिली तर नर अधिक. येथे मात्र क्षेत्र खरोखरच निर्णय देते.

उरलीसुरली चौकट दिल्ली विद्यापीठात मोडली. पंचानन माहेश्वरी यांच्या प्रयोगशाळेत कुसुम कांता आणि एन. एस. रंगस्वामी यांच्यासह १९६२ मध्ये अफूच्या बीजांडांचे फलन परीक्षानळीत घडवण्यात आले, मानवी टेस्ट ट्यूब बाळाच्या सोळा वर्षे आधी. दोनच वर्षांनी शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी धोत्र्याचे परागकोश पोषकद्रवात वाढवले, तेव्हा परागकणांतूनच भ्रूण आले आणि त्यांची रोपे झाली: आईविना, फलनाविना, अर्ध्याच गुणसूत्रांची. हार्टसुकरचे चित्र माणसात खोटे ठरले होते. धोत्र्याच्या परागात त्याच्या जवळपास जाणारे काहीतरी निघाले, अर्थात काचेच्या भांड्यात, आणि तेही वांझ. असली रोपे बी धरत नाहीत.

बीज आणि क्षेत्र यांची पूजा महाराष्ट्रात दर आश्विनात होते. घटस्थापनेला पत्रावळीवर किंवा टोपलीत काळी माती पसरून तीत गहू, ज्वारी आणि इतर धान्ये पेरतात, आणि दसऱ्याला वर आलेले धान टोपीत वा कानावर खोवतात. देवघराच्या अंधारात वाढल्याने ती रोपे फिकट पिवळी आणि उंच असतात. प्रकाश नसल्यामुळे पानांना स्वतःचे अन्न करता आलेले नसते, आणि नऊ दिवसांत मातीने त्यांना पाण्याखेरीज फारसे काही दिलेले नसते. ती बोटभर उंची बहुतेक सगळी दाण्यातल्या भ्रूणपोषाची असते. उपटून पाहिले तर मुळाशी सालपट लटकत असते, आतून रिकामे झालेले.