‘एबीएस आहे ना, मग भीती कसली?’

कल्याणच्या दूधनाक्याजवळ माझी धाकटी बहीण राहते. तिचा मुलगा ठाण्यात वागळे इस्टेटला नोकरी करतो. लोकलच्या गर्दीला कंटाळून त्याने हप्त्यावर १२५ सीसीची मोटारसायकल घेतली. पेढे द्यायला आला तेव्हा म्हणाला, “मामू, नवीन ब्रेक सिस्टीम आहे. आता गाडी घसरायचं नावच नको.”

मागच्या पावसाळ्यात तो आईला मागे बसवून कोनच्या रस्त्याने घरी येत होता. पुढचा टेम्पो एकदम थांबला. याने पायाखालचा ब्रेक दाबला आणि चिखलात पुढचे चाक सटकले. वेग कमी होता, त्यामुळे अल्हमदुलिल्लाह, दोघांचे खरचटण्यावर निभावले. पण बहिणीच्या बुरख्याचा घेर मागच्या चाकात जाता जाता राहिला.

“एबीएस असून गाडी पडलीच कशी?” हा त्याचा प्रश्न. मी गाडी नीट पाहिली. तिला एबीएस नव्हतेच, सीबीएस होते. फरक एका अक्षराचा, पण ओल्या रस्त्यावर तो फार मोठा. आपल्या अनेक घरांत असाच गैरसमज असतो, म्हणून हा लेख.

सीबीएस म्हणजे काय?

१ एप्रिल २०१८ पासून बाजारात येणाऱ्या नव्या मॉडेलना आणि १ एप्रिल २०१९ पासून सगळ्याच नव्या दुचाकींना हा नियम लागू झाला: १२५ सीसीच्या वरच्या गाडीला एबीएस, आणि १२५ सीसीपर्यंतच्या गाडीला एबीएस किंवा सीबीएस. सीबीएस स्वस्त पडते. त्यामुळे घरोघरच्या स्कूटर आणि लहान मोटारसायकलींना बहुधा तेच असते.

सीबीएसमध्ये दोन्ही ब्रेक एकमेकांना जोडलेले असतात. मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. आपल्याकडे बरेच जण फक्त मागचा ब्रेक वापरतात. त्यांची गाडी यामुळे लवकर थांबते. पण चाक जाम होऊ लागले तर सीबीएस ते सोडवत नाही. उलट चिखलात किंवा वळणावर मागचा ब्रेक जोरात दाबला, तर पुढच्या चाकावरही ताण येतो. पुढचे चाक एकदा सटकले की गाडी सावरणे कठीण. माझ्या भाच्याचे तेच झाले.

एबीएस काय करते, काय करत नाही

एबीएस मात्र खरोखर इलेक्ट्रॉनिक आहे. चाकाजवळ खाचा असलेली चकती आणि एक सेन्सर असतो. चाक किती वेगाने फिरते ते सेन्सर सतत मोजतो. ब्रेक दाबल्यावर चाक जाम होतेय असे दिसले, की यंत्र ब्रेकचा दाब एका सेकंदात अनेक वेळा सोडते आणि धरते. चाक फिरत राहते आणि हँडल आपल्या ताब्यात राहते. बीएमडब्ल्यूने १९८८ मध्ये मोटारसायकलवर प्रथम एबीएस दिले. अचानक ब्रेक मारावा लागला तर जीव वाचवणारी ही सोय आहे, यात शंका नाही. पण तिच्या मर्यादाही माहीत हव्यात.

पहिली गोष्ट, अनेक गाड्यांचे एबीएस ‘सिंगल चॅनल’ असते, म्हणजे ते फक्त पुढच्या चाकाला असते. मागचे चाक तेव्हाही जाम होऊन घसरू शकते. गाडी घेताना ‘सिंगल की ड्युअल?’ हे विचारलेच पाहिजे.

दुसरी गोष्ट, एबीएसमुळे गाडी दर वेळी कमी अंतरात थांबते असे नाही. सुट्ट्या खडीवर आणि वाळूवर तर ती जास्त पुढे जाऊ शकते. घोडबंदर रोड, कोन किंवा कल्याण-शीळ रस्ता, मेट्रोच्या कामाजवळ अशी खडी सांडलेली असतेच. तिथे पुढच्या गाडीपासून अंतर वाढवणे हाच उपाय.

तिसरी गोष्ट, गाडी वळणावर कललेली असताना साधे एबीएस फारसे उपयोगी पडत नाही. कलण्याचा कोन ओळखणारे एबीएस महागड्या गाड्यांना असते. म्हणून गायमुखच्या घाटात किंवा मुंब्रा बायपासच्या वळणावर वेग वळणाआधीच कमी करायचा.

चौथी गोष्ट टायरची. टायर गुळगुळीत झाला असेल, तर सेन्सर कितीही हुशार असला तरी रस्त्याची पकड आणणार कुठून?

किल्ली फिरवल्यावर मीटरवर एबीएसचा दिवा लागतो आणि गाडी थोडी पुढे गेली की विझतो. विझला नाही तर एबीएस बंद आहे असे समजावे. साधा ब्रेक तेव्हाही लागतो, त्यामुळे लोक महिनोन्‌महिने तसेच फिरतात. बऱ्याचदा सेन्सरवर चिखल बसलेला असतो किंवा वायर सैल झालेली असते. आणखी एक, एबीएस काम करू लागले की ब्रेक हाताला थरथरतो. अनेक जण घाबरून तो सोडतात. सोडू नये, दाबून धरावा.

न विझणारा हेडलाइट

१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू होताच आपोआप लागतो. पावसात, ट्रकच्या आरशात दुचाकी लवकर दिसावी हा त्याचा हेतू. पण दिवसा लाइट चालूच असल्याने बटण ‘अपर’वर राहिलेय हे संध्याकाळी लक्षात येत नाही आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. वरून पांढरे जादा एलईडी लावणारे तर दुसऱ्याला क्षणभर आंधळेच करतात. दुर्गाडी पुलावर असा एक क्षण पुरेसा असतो.

खड्ड्याला सेन्सर नाही

जुलै २०१८ मध्ये कल्याणच्या शिवाजी चौकात दुचाकीवर मागे बसलेली एक महिला खड्ड्यामुळे पडली आणि बसखाली गेली. त्या पावसाळ्यात कल्याण परिसरात खड्ड्यांनी पाच जणांचे बळी घेतल्याच्या बातम्या होत्या. खड्ड्यात आपटलेल्या चाकापुढे कोणतेच ब्रेक तंत्रज्ञान चालत नाही.

१३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला, की खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला ६ लाख रुपये आणि जखमींना दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी. महापालिका हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती हे दावे पाहील. असा प्रसंग ओढवला तर जागेचे फोटो, पोलीस नोंद आणि दवाखान्याचे कागद जपून ठेवावेत.

मागे बसणाऱ्यांसाठी

बुरखा, ओढणी, साडी यांच्यासाठी कोणताही सेन्सर नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकणारी जाळी आणि मागे बसणाऱ्याला धरायला हँडल असावेच लागते. मुले मात्र ‘लूक’साठी ती जाळी काढून टाकतात. अम्मी किंवा बहीण मागे बसणार असेल तर आज घरी गेल्यावर आधी तेवढे पाहा. बसताना बुरख्याचा घेर गोळा करून मांडीखाली दाबावा, ओढणीची टोके आत खोचावीत.

मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे आहे. हिजाबवर हेल्मेट घालताना पिना काढाव्यात, अंबाडा खाली बांधावा आणि पट्टा लावावा. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत जवळपास ४५ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातल्याने गेलेले ५०,०२९ होते. त्यांतले चौदा हजारांहून अधिक मागे बसलेले.

नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी पट्ट्याचा हार्नेस आणि हेल्मेट लागते, आणि मूल सोबत असताना वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. ईदच्या दिवशी एका स्कूटरवर चौघे निघतात, तेव्हा ब्रेकला लागणारे अंतर वाढते आणि तोल बिघडतो. रिक्षाचे शंभर-दीडशे रुपये त्या दिवशी खर्च करावेत.

जून २०२५ मध्ये केंद्र सरकारने सगळ्याच नव्या दुचाकींना एबीएस देण्याचा मसुदा जाहीर केला. किंमत वाढेल अशी कंपन्यांची तक्रार आहे. काहीही ठरले तरी आज आपल्या दारात उभ्या असलेल्या गाडीला ते आपोआप बसणार नाही. ती जशी आहे तशीच ओळखून चालवावी लागेल.

भाच्याने नवा टायर टाकला, काढलेली जाळी परत बसवली आणि आईसाठी हेल्मेट आणले. पावसात तो आता पंधरा मिनिटे आधी निघतो. बहीण म्हणते, “पहिल्यांदा वाटलं, डोकं जड झालं. आता ते नसलं की भीती वाटते.”