फोटोतला डोळा आणि काचपट्टीवरची बुरशी

काचीगुड्यातल्या एका वाचकांनी विचारलंय : त्यांचा भाचा भैंसाजवळ शेती करतो. वेचणीच्या वेळी त्याच्या डोळ्याला पऱ्हाटीची काडी लागली. डोळा लाल झाला, पाणी गळायला लागलं. त्याने मोबाइलवर फोटो काढून मामांना पाठवला आणि मामांच्या मुलीने तो एआयच्या अ‍ॅपला दाखवला. अ‍ॅपचं निदान : डोळे आलेत, गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा. यावर विश्वास ठेवावा का?

नको. आधी भाच्याला गाडीत बसवा, मग पुढचं वाचा. कारण या प्रश्नाचं खरं उत्तर लांबलचक आहे, मजेदार आहे आणि त्यातला बराच भाग हैदराबादेतच घडलाय.

पऱ्हाटी, ज्वारीचं धसकट, भाताचं कुसळ, उसाचं पाचट यांपैकी काहीही डोळ्याला लागलं की बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला ओरखडा जातो. त्या ओरखड्यातून जंतू शिरतात आणि व्रण होतो. आपल्याकडे हे जंतू म्हणजे फक्त बॅक्टेरिया नव्हेत, बुरशीही असते. बंजारा हिल्सवरच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने १९९१ ते २००० या दहा वर्षांत बुबुळाच्या बुरशीजन्य संसर्गाचे १,३५२ रुग्ण नोंदवले. निम्म्याहून जास्त जणांच्या डोळ्याला आधी इजा झालेली होती, आणि उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्यात व हिवाळ्यात रुग्ण जास्त होते. सगळ्यांत जास्त सापडली ती फ्युजेरियम, तिच्या पाठोपाठ अ‍ॅस्परजिलस. तुरीचा मर रोग ज्यांनी पाहिलाय त्यांना फ्युजेरियम हे नाव नवं नाही. तुरीचं पीक उभ्या उभ्या वाळवणारी बुरशी आणि डोळ्यातली बुरशी एकाच कुळातल्या.

(ज्यांच्या नावाने ही संस्था १९८७ पासून उभी आहे ते एल. व्ही. प्रसाद सिनेमावाले. ‘आलम आरा’त त्यांनी कामही केलं होतं. पडद्यावरच्या चित्रांत आयुष्य घालवलेल्या माणसाचं नाव डोळ्यांच्या दवाखान्याला असावं, हे मला फार आवडतं.)

आता फोटोकडे वळू. बुरशीचा व्रण कोरडा दिसतो, त्याच्या कडा पिसासारख्या विस्कटलेल्या असतात आणि मुख्य व्रणाभोवती छोटे छोटे पांढरे ठिपके असू शकतात. बॅक्टेरियाचा व्रण सहसा ओलसर, पुवाळलेला. पुस्तकात हे इतकं स्पष्ट लिहिलेलं असतं की फोटो पाहून कोणीही सांगेल असं वाटावं. मदुराईचं अरविंद नेत्ररुग्णालय आणि सॅन फ्रान्सिस्कोची प्रॉक्टर फाउंडेशन इथल्या १५ बुबुळतज्ज्ञांना असे ८० फोटो दाखवण्यात आले. तो अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. बुरशी की बॅक्टेरिया, एवढाच प्रश्न होता. डोळे मिटून नाणं उडवलं तरी निम्मी उत्तरं बरोबर येतील. हयात बुबुळं पाहण्यात घालवलेल्या या मंडळींची बरोबर आली ६६ टक्के. पुढे आणखी मोठ्या प्रमाणावर अशीच परीक्षा झाली, तेव्हा भारतात काम करणारे तज्ज्ञ बाहेरच्यांपेक्षा सरस ठरले. साहजिकच आहे. बुरशीचे डोळे रोज ज्यांच्यासमोर येतात, त्यांची नजर तयार होते.

त्यानंतर संगणकालाही हे फोटो शिकवले गेले आणि तो सरासरी तज्ज्ञापेक्षा थोडा पुढे गेला. बातमी होते ती इथे. पण ते फोटो नीट उजेडात, योग्य अंतरावरून, दवाखान्यातल्या कॅमेऱ्याने काढलेले होते. भाच्याने बांधावर उभं राहून काढलेल्या सेल्फीबद्दल त्यावरून काही सांगता येत नाही.

आणि काही गोष्टी कितीही चांगल्या फोटोत येत नाहीत. हर्पीसचा विषाणू आणि अकँथअमीबा नावाचा एकपेशीय जीव, दोघांचाही सुरुवातीचा व्रण कधी कधी इतका सारखा दिसतो की निष्णात माणूसही फसतो. पण अमीबाचा रुग्ण वेदनेने झोपू शकत नाही. दिसणाऱ्या जखमेच्या मानाने ठणका कितीतरी जास्त असतो. हर्पीसमध्ये उलट बुबुळाची संवेदनाच कमी होते. डॉक्टर कापसाचं टोक पिळून बुबुळाला हलकंच लावतात आणि पापणी मिटते का ते पाहतात. कापसाचा एक धागा जे सांगतो, ते कॅमेऱ्याला कळत नाही. तसंच ‘कधीपासून?’ हा प्रश्न. बुरशी सहसा रेंगाळते, तर स्यूडोमोनाससारखा बॅक्टेरिया दोन-तीन दिवसांत बुबुळ पोखरून काढतो.

चित्र समोर असूनही न दिसण्याचा सगळ्यांत मोठा किस्सा सिकंदराबादच्या नावाशी जोडलेला आहे. रोनाल्ड रॉस यांनी तिथे २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला, हे शाळेत शिकलेलं असतं. त्याआधीचं शिकवत नाहीत. लॅव्हेरान यांनी १८८० मध्येच रुग्णाच्या रक्तात हा जंतू दाखवला होता. रॉस भारतात तापकऱ्यांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली घालून बसायचे, पण त्यांना तो दिसेना. लॅव्हेरानचंच चुकलं असावं, असं त्यांचं मत झालं होतं. १८९४ साली रजेवर लंडनला गेले असताना पॅट्रिक मॅन्सन यांनी शेजारी बसवून तो जंतू दाखवला. त्यानंतरच दिसायला लागला! सिकंदराबादेत हुसेन खान या रुग्णाला डासामागे एक आणा देऊन डास चावून घेतले गेले. त्यातल्या एकाच्या जठराच्या भिंतीत रॉसना काळ्या कणांच्या पेशी दिसल्या आणि त्यांनी त्या ओळखल्या, कारण तसेच काळे कण रुग्णांच्या रक्तात त्यांनी पाहून ठेवले होते. हा शोध लागला त्या बेगमपेटच्या इमारतीला हुसेन खानचं नाव नाही, रॉसचं आहे.

निदानात अशीच उपेक्षा होते ती काचपट्टीची. डोळा बधिर करून व्रणाच्या कडेचा किंचित भाग खरवडायचा, काचपट्टीवर घ्यायचा आणि त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा. या क्षारात आपल्या पेशी विरघळतात, पण बुरशीच्या भिंतीतलं कायटिन टिकून राहतं. सोबत कॅल्कोफ्लुओर व्हाइट मिसळलं तर ते कायटिनला चिकटतं आणि अतिनील प्रकाशात बुरशीचे तंतू चमकायला लागतात. हे द्रव्य मुळात कापडाला शुभ्र झळाळी आणण्यासाठी वापरत. बुबुळाची बुरशीही ते तसंच उजळवतं! काही मिनिटांचं काम, खर्च नगण्य, आणि बुरशी शोधण्यात भल्याभल्यांच्या नजरेपेक्षा पुढे. अशा चाचणीची बातमी होत नाही, कारण तिला विकायला कोणी कंपनी नाही.

मी फोटोच्या विरोधात नाही. मराठवाड्याच्या सीमेला लागून असलेल्या मुधोळला एल. व्ही. प्रसाद संस्थेने १९९६ साली भोसले गोपाळराव पटेल नेत्रकेंद्र सुरू केलं. अशा गावातल्या केंद्रात तंत्रज्ञाने डोळा तपासून, प्रश्न विचारून फोटो शहरातल्या डॉक्टरकडे पाठवला, तर ‘हा आज रात्रीच निघाला पाहिजे’ हे वेळेत ठरतं. फोटोचं खरं मोल इतकंच : कोणाला आधी पाठवायचं ते ठरवणं. औषध कुठलं हे त्यावरून ठरवू नये. कारण बुरशीला नॅटामायसिन लागतं, बॅक्टेरियाला अँटिबायोटिक, आणि लाली घालवायला मेडिकलवाल्याने दिलेले स्टिरॉइडचे थेंब बुरशीच्या पथ्यावर पडतात. डोळा दोन दिवस पांढरा दिसतो, आत बुरशी पसरते, शेवटी बुबुळावर फूल पडतं.

तेव्हा मामांनी भाच्याला सांगावं : डोळा चोळू नकोस, घरातलं तूप, मध, दूध काही घालू नकोस, भैंसाहून मुधोळ जवळ आहे, आजच जा. आणि डोळ्यात जे काही थेंब टाकले असतील त्यांची बाटली, रिकामी असली तरी, बरोबर घेऊन जा.