रिकाम्या रजिस्टरांवरून पटलेली ओळख

तापमान मोजणाऱ्या एलएम७५ या चिपला स्वतःचं नाव सांगता येत नाही. तरीही लिनक्सचा ड्रायव्हर तिला ओळखतो, तेही तिच्यात काही न बदलता. ते कसं, हे कळलं तेव्हा मी थक्क झालो.

गोष्ट सुरू होते नेदरलँड्समध्ये. आइंडहोव्हनच्या फिलिप्स कंपनीनं १९८२ साली टीव्हीतल्या चिप जोडण्यासाठी आय-टू-सी ही दोन तारांची बस काढली. एक तार ताल धरते, दुसरीवरून माहिती जाते, आणि प्रत्येक चिपला सात बिटांचा पत्ता. नाव कुणालाच नाही. त्याची गरजही नव्हती, कारण कुठल्या पत्त्यावर काय बसवलंय हे टीव्ही बनवणाऱ्याला ठाऊकच असे.

नव्वदच्या दशकात हीच पद्धत पीसीच्या मदरबोर्डवर आली आणि पंचाईत झाली. अनोळखी बोर्डावर ७२ क्रमांकाच्या पत्त्याला हाक दिली, उत्तर आलं. पण ते दिलं कुणी? काहीतरी लिहून बघावं, तर समोर व्होल्टेज ठरवणारी चिप निघाली म्हणजे?

फ्रोडो लोयार्ड यांनी १९९८-९९च्या सुमारास लिहिलेला, पुढे अनेकांनी घासूनपुसून नेटका केलेला एलएम७५चा ड्रायव्हर त्यामुळे फक्त वाचतो. या चिपमध्ये कामाची रजिस्टरं, म्हणजे आकडे ठेवायच्या जागा, चारच, शून्य ते तीन. चार ते सात ही नावापुरती. ती वाचली की चिप आधी वाचलेला आकडाच पुन्हा देते. चिप नुकतीच चालू झाली असेल तर क्रमांक दोनमध्ये ७५ अंश आणि क्रमांक तीनमध्ये ८० अंश असतात. क्रमांक दोन वाचा, मग चार ते सात वाचा: चारही ठिकाणी ७५. आता क्रमांक तीन वाचून तीच चार पुन्हा वाचा: सगळीकडे ८०! माणूस लकबीवरून ओळखावा, तसं हे. शिवाय नियंत्रण-रजिस्टरचे वरचे तीन बिट शून्य हवेत, आणि आठ-आठ क्रमांकांनंतर तीच रजिस्टरं पुन्हा दिसायला हवीत. इतकं सगळं दुसऱ्या चिपमध्ये योगायोगानं जुळणं फार अवघड.

ही सावधगिरी अनुभवातून आली आहे. आयबीएमच्या काही थिंकपॅडांमध्ये २४आरएफ०८ ही मेमरी चिप होती. शोध घेणारा प्रोग्रॅम पत्त्यावर लिहिण्याची नुसती हाक देई, मजकूर काहीच नाही. तेवढ्यानं या चिपमधल्या नोंदी बिघडत, आणि लॅपटॉप पुन्हा सुरूच होत नसे. त्यामुळे ८० ते ९५ या पत्त्यांवर, जिथे मेमरी चिप असतात, लिनक्स आता तशी हाक देत नाही. एक बाइट वाचून बघतो.

मग सगळीकडे वाचूनच का बघू नये? कारण १०५ क्रमांकाच्या पत्त्यावर बऱ्याचदा मदरबोर्डचा ताल ठरवणारी चिप असते. अशा काही चिपना फक्त लिहिलेलं चालतं, आणि वाचायला गेलं तर अख्खी बस अडकून बसते.